आजीला नको, आजोबांना विचारा

ताई,

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून टोरांटोत आहे. नवरा चिनी आहे, पण त्याचं घराणं चीनमधून थेट इकडे आलेलं नाही. त्याचे आईवडील कलकत्त्याचे, हाक्का जमातीचे चिनी. तो तीन वर्षांचा असताना, १९८४ साली, ते कॅनडात आले आणि त्यांनी रेस्टॉरंट काढलं. त्याचं लहानपण त्या रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत कांदे सोलण्यात आणि गृहपाठ करण्यात गेलं. सासरे आता नाहीत. सासूबाई आमच्याकडे असतात, वय त्र्याहत्तर. माझ्याशी हिंदीत बोलतात, त्यांच्या भावाशी हाक्कात, आणि रागावल्या की बंगालीत. आमचं आजवर कधी वाजलं नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी जे केलं ते माझ्या आईलाही जमलं नसतं. काही सवयी जुन्या आहेत. इथल्या तांदळात औषधाला खडा सापडत नाही, तरी रोज दुपारी खिडकीपाशी बसून स्टीलच्या ताटात तांदूळ निवडतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या विजेच्या बिलापासून सगळे कागद बिस्किटांच्या डब्यात घालून पलंगाखाली ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत.

मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळेत इतिहासाला घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची आहे. तिनं आजीला विचारलं. ‘आमचं दुकान होतं, मग इकडे आलो,’ एवढंच उत्तर मिळालं. मग तिनं स्वतःच शोधाशोध केली, माझ्या मामेसासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, हो, आम्ही आधी शिलाँगचे, चार वर्षं देवलीच्या छावणीत होतो, पण आजीला काही विचारू नका. ही ऐकते थोडीच! रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तिनं सरळ विचारलं, ‘आपो, तुम्हाला कॅम्पमध्ये कोंडलं होतं ना?’ सासूबाई उठल्या, ताट धुतलं, खोलीत गेल्या. त्याला पाच आठवडे झाले. कामापुरतं बोलतात. नवरा म्हणतो, मुलीला तू आवरायला हवं होतंस. भांडताना एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘तुम्ही लोकांनी आधी कोंडलं, आता गोष्टही तुम्हालाच हवी.’ मुलगी म्हणते, ‘तुझ्या देशानं आपोला दहाव्या वर्षी तुरुंगात टाकलं आणि तुला माहीतसुद्धा नव्हतं.’ डिसेंबरात माझ्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सांगलीला यायला ती तयार नाही.

१९६२ साली, चीनशी लढाई झाली तेव्हा, माझा जन्मही झाला नव्हता. मी माफी मागू का? मागायची तर कुणाच्या वतीनं? आणि सासूबाईंना बोलतं कसं करू?

– एक वाचक, टोरांटो

*

तुमचं पत्र आल्यापासून ते ताट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही ती ओळ ‘जुनी सवय’ म्हणून सहज लिहून गेलात. त्या ताटाकडे मी परत येणार आहे, पण आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात घाई आहे. सासूबाईंना बोलतं करू नका. आज नको, पुढच्या महिन्यातही नको. मुलीच्या प्रकल्पाची तारीख ही त्यांच्या तोंड उघडण्याची तारीख होऊ देऊ नका.

असं का म्हणते, ते सांगण्यासाठी मला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या मराठी घरांत १९६२ म्हटलं की काय आठवतं? यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. बायकांनी हातातल्या पाटल्या उतरवून संरक्षण निधीला दिल्या. रेडिओपाशी माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ आमची खोली होती. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चिनी लोकांचं एक देऊळ आहे, १९१९ साली बांधलेलं, आजही आहे. माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर एक चिनी मुलगी बसायची. तिचे वडील दात बसवायचे. तिची मराठी माझ्याइतकीच स्वच्छ होती आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून ‘चिनी चिनी, चालती हो’ असं ओरडायला लागली. त्यात मीही होते. आठ-दहा दिवसांनी ती यायची बंद झाली. मला नेमकं काय आठवतं सांगू? बाकावर ऐसपैस बसायला मिळालं म्हणून मला बरं वाटलं होतं. ती कुठं गेली हे मी बाईंना विचारलं नाही. आईलाही विचारलं नाही. मोठी झाल्यावरसुद्धा विचारलं नाही.

तेव्हा ‘तुला माहीतसुद्धा नव्हतं’ हे तुमच्या मुलीचं वाक्य तुम्हाला लागलं असलं, तरी त्याचा रोख खरं तर माझ्या वयाच्या माणसांकडे असायला हवा. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नाही.

आता तुमच्या सासूबाईंच्या लोकांबद्दल. त्यांच्यातले पहिले कलकत्त्याजवळ आले ते वॉरन हेस्टिंग्जच्या काळात. टोंग अच्यू नावाच्या माणसानं बजबजजवळ जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला आजही अचिपूर म्हणतात, आणि चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी तिथं दर्शनाला जातात. म्हणजे पेशवाई चालू होती तेव्हापासूनची ही वस्ती. पुढं कँटनकडचे आले ते सुतार, हूपेकडचे दात बसवणारे, आणि हाक्का म्हणजे चामड्याचं काम करणारे. टांग्र्यातल्या टॅनऱ्या त्यांच्या, बेंटिंक स्ट्रीटवरची बुटांची दुकानं त्यांची. काहींना ब्रिटिशांनी आसामच्या चहाच्या मळ्यांवर नेलं. शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग, माकूम अशी माणसं पसरत गेली. ‘हाक्का’ या शब्दाचाच अर्थ पाहुणी कुटुंबं असा आहे. चीनमध्येही ते उत्तरेकडून दक्षिणेला आलेले म्हणून पाहुणे. मग भारतात पाहुणे. आता कॅनडात.

१९६२ च्या ऑक्टोबरात लढाई सुरू झाली आणि महिनाभरात संपलीही. पण त्या काळात जे कायदे आणि हुकूम निघाले त्यांतली एक गोष्ट तुम्ही नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरातलं आजचं भांडण तिच्याशी बांधलेलं आहे. परकीयांवरची बंधनं फक्त चीनच्या नागरिकांना लावली असं नाही. ज्याचे आईबाप किंवा आजीआजोबा शत्रुदेशाचे नागरिक होते, त्यालाही ती लावता येत होती. माणूस इथं जन्मला, इथं शिकला, इथल्या बाईशी लग्न केलं, याला काही किंमत उरली नाही. दोन पिढ्या मागं जाऊन रक्त तपासलं गेलं. सोळा वर्षांची तुमची मुलगी त्या नियमात बसली असती, हे तिला कळलंय. म्हणून ती इतकी पेटली आहे.

नोव्हेंबरात पोलिसांनी घरोघर जाऊन माणसं उचलली. म्हातारे, बाळंतिणी, शाळकरी पोरं. ‘थोडे दिवस’ असं सांगून, जेमतेम कपडे आणि पैसे घेऊ दिले. शिलाँगच्या लोकांना आधी नगावच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथून आगगाडीनं राजस्थानात नेलं. प्रवासाला जवळपास आठवडा लागला. आपल्याला वर्ध्याजवळची देवळी माहीत असते. ही देवली वेगळी, टोंक जिल्ह्यातली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांना जिथं स्थानबद्ध केलं होतं, तीच छावणी. वीस वर्षांनी स्वतंत्र भारतानं तिचा पुन्हा उपयोग केला. सुमारे तीन हजार माणसं तिथं ठेवली गेली. त्यांच्यावर ना खटला चालला, ना गुन्हा सिद्ध झाला. पाइनच्या झाडांखाली, धुक्यात वाढलेली पोरं वाळवंटाच्या उन्हात बराकीत राहिली. सुरुवातीला अर्धाकच्चा भात मिळायचा, हे तिथल्या अनेकांच्या आठवणींत येतं. १९६३ साली चीननं जहाजं पाठवली, त्यांतून बरेच जण अशा देशात गेले जो त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुढं सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिथं त्यांच्याकडे भारतातून आलेले म्हणून संशयानं पाहिलं गेलं. जे गेले नाहीत त्यांच्यापैकी शेवटचे १९६७ साली सुटले. घरी परतावं तर घर लिलावात विकलेलं, दुकानात दुसराच माणूस बसलेला. अशी पुष्कळ कुटुंबं कलकत्त्याला नातेवाइकांकडे गेली. शहराबाहेर जायचं तर परवानगी लागायची, ठरावीक काळानं पोलिसांकडे हजेरी लावायची. तुमच्या सासूबाईंचं तरुणपण यात गेलं असणार.

आता तो बिस्किटांचा डबा पाहा. तुम्हाला त्यात चाळीस वर्षांची रद्दी दिसते. ज्या बाईला एकदा ‘तुम्ही इथले असल्याचा कागद दाखवा’ असं विचारलं गेलं आणि दाखवायला काही नव्हतं, तिच्या दृष्टीनं विजेचं बिल म्हणजे या घरात आपण राहत होतो याचा पुरावा. तांदूळ निवडणं देवलीतून आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायका तांदूळ निवडायच्या, माझी आईही निवडायची. पण एवढं नक्की की तुमच्या सासूबाई गप्प बसलेल्या नाहीत. जे सांगण्यासारखं होतं ते त्यांनी हातांनी सांगितलंय, रोज, तुमच्यासमोर. फक्त त्याला तोंडानं नाव द्यायची त्यांची तयारी नाही.

आणि का असावी? त्यांच्या पिढीनं जे शिकलं ते असं: मान खाली घालायची, कागद पुरे ठेवायचे, पोरांना शिकवायचं, आणि झालं त्याचा उच्चार करायचा नाही, कारण बोललेलं कुठं पोचेल सांगता येत नाही. त्या गप्प राहिल्या म्हणून तुमचा नवरा भीतीवाचून वाढला, असा त्यांचा हिशोब असेल. परवा जेवणाच्या टेबलावर नातीनं एका वाक्यात तो हिशोब मोडला, तोही सगळ्यांदेखत. त्या उठून गेल्या तो राग होता असं मला वाटत नाही. त्यांना वाटलं असेल, साठ वर्षं जिला दाराबाहेर ठेवलं ती गोष्ट पोरीपर्यंत पोचली.

तुमच्या नवऱ्याबद्दल पत्रात दोनच ओळी आहेत, पण मला त्याची काळजी वाटते. मधल्या पिढीकडे कुणाचं लक्ष जात नाही. आईनं गिळलेलं त्याला कुणी सांगितलं नाही, पण त्याचा भार त्याच्यावरच पडला. टोरांटोत ‘हाक्का’ अशी पाटी दिसली की लोकांना चिली चिकन आणि मंचुरियन आठवतं. त्याच्या जमातीचं नाव तिथं मेनूकार्डावर जाऊन बसलं. हाँगकाँगहून आलेल्यांना तो पुरता चिनी वाटत नसेल आणि आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात तो तुमच्याबरोबर उभा राहिला तर लोक त्याला ‘तुम्हाला आमचं जेवण चालतं का?’ असं विचारत असतील. त्यानं मुलीला हाक्का शिकवली नाही, कारण त्या भाषेत त्याला फक्त हुकूम ऐकू आले: कांदे सोल, अभ्यास कर, आवाज करू नकोस. तो ‘तुम्ही लोकांनी’ म्हणाला ते तुम्हाला फार लागलंय हे दिसतं. ते वाक्य चुकीचं होतं आणि त्यानं ते परत घ्यायला हवं. पण परत घ्यायला लावताना त्याला हेही विचारा की देवलीबद्दल त्याला पहिल्यांदा कधी कळलं. माझा अंदाज आहे, ते त्यालाही मुलीकडूनच कळलं असेल. तसं असेल तर तो तुमच्यावर चिडलेला नाही. चव्वेचाळीस वर्षं आपण आईला ओळखत नव्हतो, या धक्क्यातून तो अजून सावरायचा आहे. त्याला कुणी तरी जवळ घ्यायला हवं, आणि घरात सध्या तुम्हीच तेवढ्या आहात. हे तुमच्यावर अन्याय करणारं आहे, मला कळतं.

माफीचं. सरकारनं केलेल्या गोष्टीची माफी सरकारनं मागायची असते, आणि भारत सरकारनं ती आजवर मागितलेली नाही. देवलीत राहिलेल्या लोकांची एक संघटना तुमच्या टोरांटोतच आहे. २०१७ साली त्यांच्यातली वयस्क मंडळी बसनं ओटावाला गेली आणि माफीची मागणी करणारं पत्र घेऊन भारतीय उच्चायुक्तालयासमोर उभी राहिली. ती मागणी न्याय्य आहे असं मी मानते, आणि आपण मराठी माणसांनीही तसं म्हणायला हवं. पण ती माफी तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहून मागू शकत नाही. मागायला गेलात तर सासूबाईंना उलट तुमचीच समजूत काढत बसावं लागेल, ‘नहीं बेटा, तुम्हारी क्या गलती’ म्हणून. तो भार त्यांच्यावर टाकू नका.

तुम्हाला जे करता येईल ते असं. एका दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, त्या ताटापाशी जाऊन बसा. तुमच्यापुरते मूठभर तांदूळ ओढून घ्या आणि निवडायला लागा. खडे नाहीत हे दोघींनाही माहीत आहे. एकदाच, हात चालू ठेवून, त्यांच्याकडे न बघता म्हणा: ‘माँजी, मुझे पता नहीं था. अब थोड़ा पता है. आपको कुछ बताने की ज़रूरत नहीं है.’ बस. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत तर तुम्हीही बोलू नका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा, आणि तो विषय काढू नका. तिसऱ्या दिवशीही बसा. ‘माहीत आहे आणि तरी कुणी विचारत नाही’ ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदा घडत असेल. त्यांना पोलिसांनी विचारलं, कचेरीतल्या बाबूंनी विचारलं, आता नातीनं विचारलं.

डब्याबद्दल एकच सांगते. पुढं कधी कुणी घर आवरायला काढलं तर त्यातला एकही कागद टाकू देऊ नका.

कधी तरी त्या बोलतील, किंवा बोलणारही नाहीत. अमेरिकेतल्या जपानी लोकांचं उदाहरण मला माहीत आहे. महायुद्धात त्यांनाही असंच छावण्यांत कोंडलं होतं. सुटल्यावर त्यांनी मुलांना जवळजवळ काहीच सांगितलं नाही. १९८१ साली सरकारी आयोगापुढं सुनावण्या झाल्या तेव्हा अनेक म्हाताऱ्या माणसांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि प्रेक्षकांत बसलेल्या त्यांच्याच मुलांना ते तिथं कळलं. १९८८ साली अमेरिकेनं आणि कॅनडानंही त्यांची माफी मागितली. मला यातून एवढंच सांगायचंय की घरच्यांपेक्षा परक्यांसमोर बोलणं कधी कधी सोपं जातं. त्यातही जे त्याच कुंपणाच्या आत होते त्यांच्यासमोर. मामेसासऱ्यांना विचारून ठेवा, त्यांचं त्या संघटनेत जाणंयेणं आहे का. असेल तर बहिणीला एखाद्या वेळी बरोबर नेण्याचं त्यांच्यावर सोपवा. तुम्ही परस्पर कुणाला घरी जेवायला बोलावून सासूबाईंना गाठू नका. चांगल्या हेतूनं केलेली असली ‘सरप्राइज’ मी फार पाहिली आहेत आणि त्यांचं पुढं काय होतं तेही.

देवलीच्या छावणीतच जन्मलेल्या एका बाईंनी मुंबईच्या एका लेखकाला बरोबर घेऊन २०२० साली या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय. ते तुम्ही दोघांनी, नवराबायकोनं, वाचा. मुलीनं बहुतेक वाचलंच असेल.

मुलीकडे वळते. तिच्यावर रागावू नका, ती विचारते आहे यात तिचं काही चुकलेलं नाही. चुकली ती जागा आणि वेळ. आजीची तेवढ्यापुरती माफी तिनं मागावी, ‘आपो, सगळ्यांसमोर विचारलं, चुकलं माझं,’ आणि हे ती हाक्कात म्हणू शकली तर फार बरं. वडिलांनी तिला ते वाक्य शिकवावं. बापलेकीत हाक्काचा पहिला धडा म्हणून ते वाक्य वाईट नाही.

‘तुझ्या देशानं’ असं ती म्हणाली की तुम्हाला उत्तर द्यावंसं वाटत असेल की तुझ्या कॅनडानं तरी काय कमी केलं. ते खरं आहे. चिनी माणसावर डोई पन्नास डॉलर कर त्यांनी १८८५ साली बसवला, तो १९०३ पर्यंत पाचशे केला, आणि १९२३ पासून १९४७ पर्यंत तर दारच बंद ठेवलं. बायकापोरं तिकडे आणि बाप इकडे, अशी आयुष्यं संपून गेली. २००६ साली पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली. तिला हे शाळेत शिकवलं असणार. पण भांडणात हत्यार म्हणून हे वापरू नका. उलट त्यातूनच तिला हा विश्वास मिळालाय की सरकार चुकतं, आणि चूक कबूलही करू शकतं. तो विश्वास तुमच्या सासूबाईंकडे नाही, नवऱ्याकडे नाही, माझ्याकडेही अर्धवटच आहे. तिच्याकडे आहे तर असू द्या. ती म्हणेल ‘तुझ्या देशानं’, तेव्हा ‘हो, झालं ते फार वाईट झालं’ एवढंच म्हणा. ‘पण’ लावू नका.

तिचा प्रकल्प राहिला. मुलाखत घरातल्या मोठ्या माणसाची घ्यायची आहे ना? तुमच्या घरात आणखी एक मोठं माणूस आहे, सांगलीला. तुमचे बाबा १९६२ साली सतरा-अठरा वर्षांचे असतील. यशवंतरावांचं देवराष्ट्रे त्यांच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ते दिवस त्यांना लख्ख आठवत असणार. मुलीला म्हणावं, आपोला नको, या आजोबांना विचार. तेव्हा कुठं होता? मोर्च्यात होता का? काय घोषणा दिल्या? गावात, बाजारात, मिरजेच्या स्टेशनात कुणी चिनी माणूस पाहिला होता का? दात बसवणारा, कापड विकणारा? तो पुढं कुठं गेला? देवलीचं नाव कधी कानावर आलं का, आणि आज ऐकून काय वाटतं? या गोष्टीबद्दल आजवर विचारलं गेलं ते नेहमी कुंपणाच्या आतल्यांना. बाहेर जे मोकळे होते, त्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही इतके जण होतो.

हे फोनवर सुरू होऊ द्या. बाबांना आधी कल्पना द्या, त्यांनाही अचानक गाठू नका. ते ‘मला काही माहीत नव्हतं’ म्हणतील, तर तेही तिनं तसंच लिहावं. सहस्रचंद्रदर्शनाला यायचं की नाही, ते त्या बोलण्यानंतर तिला ठरवू द्या. नाहीच आली तर तुम्ही एकट्या या, आणि सासूबाईंना विचारूनच या. तुम्ही निघताना त्या तुमच्या हातात बाबांसाठी काही ठेवतात का, ते मला जरूर कळवा.

आणि बाबांची तब्येत किंवा मन तयार नसेल तर मुलीला माझ्याशी बोलू द्या. मी नऊ वर्षांची होते, पण मला तो बाक आठवतो, आणि त्या मुलीचं नावही. सदराच्या पत्त्यावर कळवा. तुमच्याकडे रात्र असते तेव्हा माझी सकाळ असते, साडेसातनंतर मी मोकळीच असते.